आधीचा कपडा कुठाय?

आमच्या सोलापुरात थंडी मागून घ्यावी लागते. ऊन न बोलावता येतं आणि मुक्काम ठोकतं. थंडी मात्र येळवसेला दबकत येते आणि संक्रांत झाली की निघायची घाई करते. तेवढ्या दिवसांत आम्ही स्वेटर, मफलर, कानटोपी सगळं हौसेनं घालून घेतो. पुण्याची माणसं आमच्या थंडीला हसतात. हसू देत. सकाळी भवानी पेठेतून ड्यूटीला निघताना तोंडातून वाफ निघाली की मला अजून लहानपणीसारखा आनंद होतो आणि मी ती दोन-तीनदा मुद्दाम काढून बघते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. माझं माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे हा सण मला दिवाळीपेक्षा मोठा. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिच्यात पूजा मांडायची, आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची आणि मग सगळ्यांनी सावलीला बसून भज्जी, बाजरीचे उंडे आणि शेंगाची पोळी खायची. ही भज्जी म्हणजे तेलात तळलेली नव्हे. पाच-पंचवीस भाज्या आणि ओले दाणे एकत्र शिजवलेली, हिरवीगार, बेसन लावून घट्ट केलेली. अव्वा, म्हणजे माझी आई, अजून स्वतःच्या हातानं वाढते. "ऊटा माड" म्हणत म्हणत, म्हणजे जेव जेव करत, ताटात एवढं घालते की उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो.

यंदाही गेले होते. जेवण झाल्यावर कुणीतरी पाण्याची कळशी लवंडली आणि भाच्यानं खांद्यावरचा टॉवेल पटकन त्या पाण्यावर टाकला. मी तो उचलला. पिळायला म्हणून उचलला असता तर कुणाचं लक्ष गेलं नसतं. पण मी तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, किंचित वर-खाली केला आणि तशीच थांबले. सगळे हसायला लागले. भाचा म्हणाला, "आत्या, टॉवेल तोलताय व्हय? भाव काय लावला?" मीही हसले. पण ज्वारीतून गार वारा आला, हातातला ओला टॉवेल जड लागला आणि मला काही वर्षांपूर्वीची ती थंडी आठवली.

मी बाळंतपणाच्या विभागात सिस्टर आहे. नाव महानंदा, पण ते फक्त पगाराच्या दिवशी लागतं. एरवी सगळ्यांची सिस्टर. ती थंडी सुरू झाली तेव्हा राज्यातल्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांनी एकत्र यायचं ठरवलं होतं. बाळंतपणात आई जाऊ नये, बाळ जाऊ नये, यासाठी जे एकाला सुचेल ते सगळ्यांनी करायचं आणि जे एकाचं बिघडेल ते सगळ्यांनी ऐकायचं. दर आठवड्याला पडद्यावर भेटायचं. आमच्या विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, या बातमीनं नव्या नवरीसारख्या लगबगीत होत्या. मला मीटिंग हा शब्दच आवडत नाही. मी म्हटलं, "मॅडम, आता मीटिंगनं बाळंतपणं होणार का?" त्या म्हणाल्या, "नाही हो सिस्टर, तुमच्याच हातानं होणार. पण तुमचे हात वाढणार." मला वाटलं, नवीन माणसं भरतायत की काय. तसं काही नव्हतं.

पहिला उद्योग निघाला तो रक्त तोलायचा. बाळंतपणानंतर रक्तस्राव किती झाला हे तोवर आम्ही डोळ्यांनी ठरवत होतो. डॉक्टर विचारणार, "किती गेलं?" आम्ही सांगणार, "थोडं." किंवा, "जरा जास्त." आता माझं थोडं आणि दुसऱ्या सिस्टरचं थोडं यात तांब्याभर फरक पडू शकतो, हे कुणी मनावर घेत नव्हतं. आता ठरलं की बाईच्या खालचा कपडा ठरावीक वेळानं उचलायचा, तोलायचा, कोरड्या कपड्याचं वजन त्यातून वजा करायचं. मॅडमनी मिठाईच्या दुकानात असतो तसला काटा आणून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "मॅडम, रिकाम्या वेळात पेढे पण विकू का?" "विका," त्या म्हणाल्या, "पण आधी कपडा तोला."

आणि आमचं गाव कुठलं, तर सोलापूर! इथल्या टॉवेलची ख्यातीच मुळी पाणी पिण्यात. दुकानदार गिऱ्हाइकासमोर वाटीभर पाणी ओततो, वर टॉवेल टाकतो, उचलून खालची फरशी कोरडी दाखवतो आणि मग विजयी चेहऱ्यानं भाव सांगतो. इथं लेक माहेरी बाळंतपणाला आली की हॉस्पिटलचा पातळ कपडा कुणाला चालत नाही. घरचा टॉवेल, घरची चादर. तो टॉवेल वरून कोरडा दिसतो आणि आत काय काय पिऊन बसलेला असतो. म्हणून आम्ही नियम केला, घरचा कपडा आला की आधी कोरडा तोलायचा, मग बाईखाली घालायचा. नातेवाईक बघत राहायचे. एका आजोबांनी मला गंभीरपणे सांगितलं, "बाई, ह्यो आमचा टॉवेल विकाऊ न्हाय."

त्या मीटिंगांना मी नाक मुरडत बसायची, आणि मग हळूहळू खुर्ची पुढं ओढायला लागले. पडद्यावर चौकोन चौकोन. प्रत्येक चौकोनात एक खोली, दोन-चार चेहरे, मागं कुठंतरी पंखा, कुठंतरी कॅलेंडर. कुणाचा आवाज यायचा नाही, कुणाचा नको तेव्हा यायचा. एकदा कुणाच्या तरी कुकरची शिट्टी सगळ्या राज्यानं ऐकली. वऱ्हाडातले डॉक्टर बोलायला लागले की वाक्याच्या शेवटी कानाला गंमत वाटायची, कोकणातली सिस्टर बोलली की मला तिचं "गो" ऐकायला आवडायचं. आम्ही टॉवेलचं सांगितलं तेव्हा एकेकाच्या गावचं कापड बाहेर आलं. कुणाकडं जुनं लुगडं घडी करून घालतात, कुणाकडं गोधडी, कुणाकडं धोतराचं पान. आख्ख्या राज्यातल्या आयांनी आपापल्या लेकींसाठी जपून ठेवलेलं मऊ कापड त्या दिवशी आमच्या बोलण्यातून फिरत होतं. मी तीस-एक वर्षं या कामात, पण सांगली-सातारच्या पलीकडं बाई कशावर बाळंत होते हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्याच मीटिंगमध्ये सुमन सिस्टर बोलल्या. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या डोंगरातल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या त्या. तोवर त्यांचा चौकोन म्हणजे एक शांत चेहरा आणि मागची हिरवी भिंत, एवढंच मला माहीत होतं. त्यांनी हात वर केला. खाली बघत, एकसुरी आवाजात सांगायला लागल्या.

"आमच्याकडं एक पहिलटकरीण आली होती. बाळ चांगलं झालं, आई चांगली होती. मी कपडा बघितला, कोरडा होता. परत बघितला, कोरडाच होता. मी समाधानानं दुसऱ्या बाईकडं गेले. तिची आई भिजलेला कपडा काढून गोधडीत लपवत होती आणि नवा घालत होती. त्यांच्यात ते कापड आईनंच नदीवर धुवायचं असतं. परक्या माणसानं ते बघायचं नसतं. मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली."

त्यांनी एकदाच वर बघितलं. "म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. कपडा कोरडा दिसला तर खूश होऊ नका. विचारा, आधीचा कपडा कुठं आहे."

मला वाटलं आता कुणीतरी साहेब खाकरणार आणि चौकशीच्या सुरात प्रश्न विचारणार. आपल्याकडं तसंच होतं. पण त्या मीटिंगचा नियम होता, चूक कुणाची हे विचारायचं नाही, काय घडलं तेवढं विचारायचं. मी तो नियम भिंतीवर लावायच्या सुविचारांतला समजत होते. मोठ्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा आवाज आला, "ताई, आमच्याकडंही झालंय असं." मग आणखी एक आवाज. मग आणखी एक. ज्या गोष्टी माणसं घरच्यांनाही सांगत नाहीत त्या एकेका चौकोनातून येत होत्या. मी थक्क होऊन ऐकत होते. आपल्या हातून गेलेलं माणूस असं सगळ्यांपुढं आणून ठेवायला केवढी छाती लागत असेल! सुमन सिस्टर मात्र पुन्हा खाली बघत होत्या.

त्या दिवशी घरी जाताना हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर हुरडा भाजत होते. गोवऱ्यांचा धूर, चोळलेल्या कणसांचा दुधाळ वास, शेंगाची चटणी. मी पुडी घेतली आणि खात खात चालत विचार करत होते की आपल्याकडं कुठं कोण असं लपवतं. आणि मधेच थांबले. लपवतात की! माझ्या पहिल्या बाळंतपणात अव्वा मागच्या न्हाणीचं दार लावून एकटीच कपडे धूत बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "तुमी जावा तिकडं." मला ते तिचं नुसतं सोवळं वाटायचं. डोंगरातली ती आई आणि मैंदर्गीची माझी अव्वा एकमेकींना कधी भेटणार नव्हत्या, एकीची भाषा दुसरीला कळली नसती, आणि तरी दोघी परक्याच्या नजरेआड तेच करत होत्या.

नंतर गड्ड्याचे दिवस आले. सोलापूरकराला गड्डा सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते, ही आमच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा. उंच नंदीध्वज निघतात, पांढऱ्याशुभ्र पोशाखात माणसं ते पेलत चालतात, आणि मैदानावर पाळणे, भेंडबत्तासे, बांगड्या, धूळ. त्या सकाळी वाजंत्रीचा आवाज आमच्या वॉर्डापर्यंत येत होता. खिडकीतून कोवळं ऊन फरशीवर पडलं होतं. अंबिका त्याच सकाळी बाळंत झाली.

अंबिका आमच्याच पेठेतली. टॉवेलचे माग असलेल्या तेलुगू घरातली लेक, भिवंडीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बारीक चणीची आणि तोंडाची चुरचुरीत. कळा देतानाही मला म्हणाली, "सिस्टर, पुढल्या खेपेला माझ्या नवऱ्याला झोपवा की हितं." मुलगी झाली. मोठ्यानं रडली. वार नीट पडली. तिची आई नरसम्मा, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, लेकीच्या उशाशी येऊन बसली. तिनं लेकीच्या अंगावर जाड चादर टाकली, खाली घरचा टॉवेल घातला. तो आम्ही रीतसर तोलून घेतला होता. नरसम्मा अभिमानानं म्हणाली, "आमच्या मागावरचा हाय. लई पाणी पितो."

वेळ झाली तशी मी कपडा बघायला गेले. टॉवेल उचलला. हलका, कोरडा, जवळजवळ नवा. मन लगेच म्हणालं, छान. वाजंत्री जवळ आली होती, एक शिकाऊ मुलगी खिडकीशी जाऊन बघत होती, सगळ्या वॉर्डात सणाचा आनंद होता. मी अंबिकेकडं बघितलं. ती हसली. पण बोलली नाही. सकाळपासून जिनं मला एकदाही नुसतं हसून सोडलं नव्हतं ती आता नुसती हसली. मी टॉवेल परत घातला, वळले, आणि माझ्या तोंडातून तो प्रश्न आला. मी ठरवून विचारला नाही. तो आमच्यात तेव्हा रोज विचारला जात होता, म्हणून आला.

"अम्मा, आधीचा कपडा कुठाय?"

"हाय की."

"कुठं?"

"बदलला मी. वलं वाटलं म्हनून. घरी न्हेऊन धुते. तुमी कशाला तरास घेता?"

"मला तो बघायचाय."

"ते बघायचं नसतंय सिस्टर." नरसम्मानं पायानं कॉटखालची पिशवी मागं सरकवली. "आईनंच धुवायचं असतंय ते. परक्याची नजर पडली तर लेकरू दूध वढत न्हाय."

"माझी नजर वाईट असंल तर नंतर उतरवा. मीठमिरच्या मी आणून देते. आधी पिशवी काढा."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तिनं वाकून पिशवी ओढली. नायलॉनची, भाजीला नेतात तसली. आत टॉवेल, त्याच्या आत आणखी टॉवेल, नीट घड्या घालून, जसं काही दुकानात परत द्यायचे आहेत. मी दोन्ही हातांनी उचलले आणि माझे हात खाली गेले. काट्यावर ठेवायच्या आधीच मला कळलं होतं. तरी ठेवले. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या केव्हाच पुढं गेला होता.

"सिस्टर," अंबिका म्हणाली, "लई थंडी वाजती ओ."

मी हाक मारली. त्यानंतर जे झालं ते मी आजही आठवून आठवून बघते. पूर्वी आम्ही एक उपाय करायचो, वाट बघायचो, मग दुसरा. आता सगळ्या राज्यात ठरलं होतं की वाट बघायची नाही, सगळं एकदम. मी पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं, दुसरीनं इंजेक्शन भरलं, तिसरीनं दुसऱ्या हाताला सलाईन लावली, मोठ्या मॅडम हातमोजे चढवतच आल्या, कुणीतरी रक्तपेढीला फोन लावला होता. कुणी कुणाला विचारत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत मुरलेले वाढपी जसे एकमेकांना न बघता फिरतात तशा आम्ही फिरत होतो. खिडकीशी गेलेली ती शिकाऊ मुलगीही अंबिकेच्या उशाशी उभी राहून नाडी मोजत होती. अंबिकेचे ओठ पांढरे पडले होते. मी तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते, भिवंडीत पाणी कसं येतं, नवऱ्याला स्वैपाक येतो का, काहीही. ती उत्तर देईना. त्या वेळी मी घाबरले होते. इतक्या वर्षांनीही मी घाबरते, आणि घाबरायला हवं असं मला वाटतं.

मग माझ्या हाताखाली पोट घट्ट लागायला लागलं. आधी क्षणभर, मग सैल, मग पुन्हा घट्ट, आणि मग घट्टच राहिलं. मॅडम म्हणाल्या, "थांबलं." रक्ताची पिशवी लागली. बऱ्याच वेळानं अंबिकेनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "भाजी तर त्यास्नी येत न्हाय," ती म्हणाली, "च्या येतो." माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं ते. मी तोंड फिरवलं आणि ट्रे आवरायला लागले.

नरसम्मा भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. तिच्याकडं एवढा वेळ कुणी बघितलंच नव्हतं. मी तिच्यासमोर खाली बसले.

"मीच मारत हुते की माझ्या लेकीला," ती म्हणाली.

"नाही अम्मा. लांब डोंगरात तुमच्यासारखीच एक आई आहे. तिनंही असंच केलं होतं. तिथल्या सिस्टरनी आम्हाला सांगितलं, म्हणून मी तुम्हाला विचारलं."

ती हळूच म्हणाली, "आन् तिची लेक?"

मी मान खाली घातली. नरसम्माला ते कळलं. तिनं पदर तोंडात धरला आणि ती रडायला लागली. स्वतःची लेक वाचल्यावर आनंदानं रडणाऱ्या आया मी पुष्कळ बघितल्या आहेत. ही बाई तिनं कधीही न बघितलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या एका पोरीसाठी रडत होती. मी तिचा हात धरून बसले आणि मलाही रडू आलं, ते मी काही आवरलं नाही.

बाळ तेवढ्यात कुरकुरायला लागलं. आईच्या अंगाची ऊब बाळाला तेव्हा मिळणार नव्हती. आई सावरत असेल तर घरातल्या दुसऱ्या माणसानं बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, ही गोष्ट त्याच थंडीत वऱ्हाडातल्या हॉस्पिटलनं आम्हाला सांगितली होती. मी पडदा ओढला, नरसम्माला चोळी सैल करायला सांगितलं, बाळ तिच्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून चादर गुंडाळली. ती आधी लाजली. मग बाळ शांत झालं आणि तिचेही हुंदके थांबले. बाहेर नंदीध्वज पुढं गेले होते, वाजंत्री लांब लांब जात होती, आणि चादरीतून त्या मुलीचं काळंभोर जावळ तेवढं दिसत होतं.

त्यानंतर अंबिका घरी जाईपर्यंत नरसम्मा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ठाण मांडून होती. कुठलीही आई किंवा सासू पिशवी घेऊन येताना दिसली की हिचं सुरू व्हायचं. "ओ बाई, हितं या. वलं कापड लपवू नगा. नजर लागत न्हाय काय न्हाय. तोलू द्या त्यास्नी." मराठी संपली की तेलुगू, तेलुगू चालली नाही की तोडकी दखनी हिंदी. आम्ही शंभर वेळा सांगून जे ऐकलं जात नव्हतं ते तिनं एकदा सांगितलं की बायका मान हलवायच्या. मी तिला म्हटलं, "अम्मा, नोकरीला ठेवून घेऊ का?" ती म्हणाली, "माग कोन चालवणार मग?"

आता नव्या मुली कामावर येतात त्या हा प्रश्न पाठ करूनच येतात. कपडा उचलतात, तोलतात, विचारतात, आधीचा कुठाय. त्यांना वाटतं हे पुस्तकात पहिल्यापासूनच होतं. मी कधी सांगते, कधी सांगत नाही. कोकणात, वऱ्हाडात, खानदेशात, आमच्या सांगोल्याच्या माळावर, कुठं ना कुठं या क्षणी कुणीतरी हे विचारत असेल, आणि कुठल्यातरी आईनं कुरकुरत पिशवी पुढं केली असेल. ती डोंगरातली पोर मला ठाऊक नाही. ती कशी दिसत होती, कशी बोलत होती, काही ठाऊक नाही. पण मी रोज तिच्यामुळं विचारते. माणसाचं असं माणसाच्या उपयोगी पडत राहणं मला देवळातल्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, कारण वॉर्डात लोक म्हणतील सिस्टरला झालंय काय.

संक्रांत होऊन गेल्यावर अंबिका तपासणीला आली. वारं अजून गार होतं. तिनं येताना तिळगूळ आणला होता आणि तोंड पूर्वीसारखं सुरू होतं. नेमकी त्या दिवशी मीटिंग होती. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "घेऊन या तिला." मी तिला, बाळाला आणि नरसम्माला पडद्यासमोर बसवलं. मॅडमनी थोडक्यात सांगितलं काय घडलं ते. सगळे चौकोन हलायला लागले. कुणी हात हलवतंय, कुणी बाळाला चुटक्या वाजवतंय, कोकणातली सिस्टर "गोड गो बाय" म्हणतेय.

अंबिका बावरली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्या कोन सगळ्या?"

"तुझ्या बाळंतपणाला होत्या ह्या."

"मला तर कोन दिसल्या न्हाईत."

"मलाही नव्हत्या दिसल्या," मी म्हटलं.

सगळा गलका होऊन गेल्यावर हिरव्या भिंतीच्या चौकोनातून आवाज आला. सुमन सिस्टर. त्या एवढा वेळ हसल्याही नव्हत्या.

"बाळाला जरा बाजूला घेता का?" त्या म्हणाल्या. "मला आई बघू द्या."

नरसम्मानं बाळ घेतलं आणि सरकली. पडद्यासमोर एकटी अंबिका राहिली. पदराशी चाळा करत, काय करावं ते न कळून.

"उभ्या राहता का?"

अंबिका उभी राहिली.

"आता थोडं चालून दाखवा."

अंबिकेनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती टेबलापासून दारापर्यंत गेली आणि परत आली. चाल अजून बाळंतिणीची होती, पाय जपून पडत होता. सुमन सिस्टर पडद्याच्या अगदी जवळ आल्या होत्या, त्यांच्या मागची भिंत दिसेनाशी झाली होती.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.

अंबिका पुन्हा चालली.